मुंग्या हाताला की पेटीत?

मराठीत मुंग्या दोन प्रकारच्या येतात. एक साखरेच्या डब्यात येतात, दुसऱ्या हातापायाला येतात. घरात या दोन्हींनी फारसं काही बिघडत नाही. पण शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरपाशी उभ्या असलेल्या माणसाला यांतल्या कुठल्या मुंग्या आल्या, यावर तो संध्याकाळी घरी जेवायला बसणार की नाही हे ठरतं. माझी बरीचशी नोकरी या एका प्रश्नाच्या आसपास गेली आणि शेवटी शेवटी हाच प्रश्न मला एका यंत्राला शिकवावा लागला. ते आधी कसं हुकलं आणि मग कसं जमलं, ते सांगते.

मी नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या, विहिरीच्या मोटारी आणि त्यांचे स्टार्टर बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. स्टार्टर म्हणजे विहिरीजवळ खांबाला ठोकलेली पत्र्याची पेटी. हिरवं बटण दाबलं की मोटार चालू, लाल दाबलं की बंद. भिंगारहून स्कूटरवर जायचं, सगळं शहर ओलांडायचं आणि तक्रारींच्या टेबलावर बसायचं. टेबलावर एक फोन. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायला बाकी कुणी तयार नव्हतं, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला आणि मी 'डेटाबेसवाल्या मॅडम' झाले. शिकत गेले, आवडत गेलं. आमच्या नात्यात अजूनही सांगतात, मंगल कारखान्यात टायपिंग करायची. मी दुरुस्त करत नाही.

डेटाबेस म्हणजे माहितीचं शिस्तीचं फडताळ. कोणती मोटार कुणाला विकली, तिची काय तक्रार आली, मेस्त्रीला काय सापडलं, हे ज्या त्या कप्प्यात ठेवायचं आणि मागितलं की क्षणात काढून द्यायचं. फडताळ नीट असलं की त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बिघडलं की सगळा कारखाना तुमच्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो.

तक्रारींचं टेबल मात्र माझं खरं शिक्षण. जामखेडकडचे एक काका दर सोमवारी फोन करायचे. "चालतीय ना आमची मोटार?"

"काका, मोटार तुमच्याकडे आहे. मला इथून कसं कळणार?"

"तुमी बनावली न्हवं? मग तुमालाच ठावं."

एक निवृत्त हेडमास्तर होते, ते "आमच्या पंपाने मौन धारण केले आहे" असं सांगायचे. बाकी बहुतेकांच्या मोटारी बसायच्या. 'मोटार बसली' म्हणजे कुणाची जळालेली असे, कुणाची बोअरच्या तळाला जाऊन खरोखरच बसलेली असे. म्हणून मी उलट विचारायची आणि मग लिहायची. लिहायचं मात्र शुद्ध. आमचे त्या वेळचे सर्व्हिसचे साहेब भाषेच्या बाबतीत सोवळ्यातले. त्यांचा नियमच होता: गिऱ्हाईक काहीही बोलो, नोंद प्रमाण भाषेत. 'मोटार बसली' लिहायचं नाही, 'वाइंडिंग जळाले' लिहायचं. साहेब गेले, नियम राहिला. माझ्यानंतर त्या टेबलावर जे जे बसले त्यांनी तो पाळला.

त्याच टेबलावर एकदा एक माणूस स्टार्टर पिशवीत घालून परत द्यायला आला होता. खराब आहे का विचारलं तर म्हणाला, "खराब न्हाई. घरात ठिवायचा न्हाई." त्याचा भाऊ त्या पेटीला चिकटून गेला होता. "आठ दिस म्हनत हुता, मुंग्या येत्यात, मुंग्या येत्यात. आमी हसत हुतो." आमच्याकडे फोन केलाच नव्हता त्यांनी. पेटीच्या पत्र्यात करंट उतरला की आधी बोटांना अशीच झिणझिण येते. मग एके दिवशी जमीन ओली असते, पाय अनवाणी असतो, आणि संपतं. दुसरीकडे खऱ्या मुंग्याही स्टार्टरमध्ये शिरतातच. आत ऊब असते. वीज जुळते त्या पॉइंटमध्ये चिरडल्या की मोटार चालू होत नाही. त्याला उपाय ब्रश आणि डांबरगोळी. त्या दिवसापासून फोनवर कुणी 'मुंग्या' म्हटलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं: "हाताला की पेटीत?" पेटीत म्हणाले तर 'स्टार्टरमध्ये कीटक' असं लिहायची. हाताला म्हणाले तर 'बॉडीस करंट उतरतो' असं लिहून मेस्त्रीला त्याच क्षणी फोन करायची.

आता यंत्राकडे येते. आमचे शेठ पुण्याला एका प्रदर्शनाला गेले आणि येताना 'एआय' घेऊन आले, म्हणजे त्याचं वेड. तोवर तक्रारी मोबाईलवर मेसेजने यायला लागल्या होत्या. उन्हाळ्यात तर त्यांचा पूर यायचा. कुणाचं पीक वाळतंय, कुणाचं नुसतं बटण घट्ट झालंय, सगळे एकाच रांगेत. शेठ म्हणाले, यंत्राने मेसेज वाचावेत, कशाची तक्रार आहे ते ओळखावं, निकड ठरवावी आणि गिऱ्हाईकाला लगेच उत्तरही द्यावं. कल्पना चांगली होती. मला पटली, म्हणून तर मी एवढी झटले.

हे दोन प्रकारे करता येतं. एक, आपल्या तक्रारी बाहेरच्या कंपनीला पाठवायच्या आणि उत्तर मागवायचं. दुसरा, आपल्या डेटाबेसलाच एक जोड बसवायची. मिक्सरला ज्यूसरचं भांडं बसवतो तशी. ती जोड जुन्या तक्रारी वाचते, त्यांचं पुढे काय निघालं ते बघते आणि शितावरून भाताची परीक्षा करावी तसा नव्या तक्रारीचा अंदाज बांधते. लोकांची नावं, गावं, फोन नंबर बाहेर पाठवायला माझा विरोध होता. मी जोड निवडली. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'काही मिनिटांत बसते'. असं जिथे लिहिलेलं असतं तिथे दोन वेळचा डबा घेऊन जावं.

पहिल्याच पावलाला डेटाबेस म्हणाला, अशी कुठली जोड माझ्याकडे नाहीच. फाईल तर मी स्वतःच्या हाताने ठेवलेली. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. काढून बसवली, तेच. आमचे सर्व्हिसचे सध्याचे प्रमुख घुले साहेब मागून येऊन बघायचे. माणूस सरळ, पण धीर अजिबात नाही.

"मॅडम, घोडं पेंड कुठं खातंय?"

"तेच शोधतेय."

"पुण्याहून कुणाला बोलवायचं का?"

"पुण्याच्या माणसाला आधी आपला सर्व्हर कुठल्या खोलीत आहे इथपासून सांगावं लागेल. मी बघते."

माझे दोनच नियम आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि यंत्र जी कुरकुर करतं ती शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची. लोक पहिले दोन शब्द वाचून घाबरतात. मी डेटाबेसलाच विचारलं की बाबा, तू नेमका राहतोस कुठे. त्याने दाखवलेलं घर वेगळंच निघालं. त्या मशीनवर डेटाबेसच्या दोन आवृत्त्या होत्या. जुनी कधीच बंद केलेली, पण कुणी उचलून टाकलेली नव्हती, आणि मी इमानेइतबारे सगळं सामान त्या रिकाम्या घरात नेऊन ठेवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

योग्य जागी ठेवल्यावर जोड म्हणाली, मला चालू व्हायच्या वेळेलाच हाक मारा, मागाहून येणार नाही. म्हणजे सेटिंगच्या फाईलमध्ये तिचं नाव लिहायचं आणि डेटाबेस बंद करून पुन्हा चालू करायचा. जेवणाच्या सुट्टीत बिलं निघत नाहीत. ती वेळ साधली, बंद केला. चालू करायला गेले तर चालू होईना. सुट्टी संपली. गेटवर माल भरलेले टेम्पो उभे, बिलाशिवाय एक बाहेर पडेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. घुले साहेबांचा चेहरा बघवत नव्हता.

"मॅडम, आहे तसं करून टाका ना."

"करते. पण का बिघडलं ते बघून करते."

नोंदीत एकच ओळ होती: सेटिंगमधलं हे नाव मला वाचता येत नाही. मला तर स्वच्छ वाचता येत होतं. मग लक्षात आलं. ती ओळ मी घरी मोबाईलवर लिहून स्वतःलाच पाठवली होती आणि तिथून उचलून चिकटवली होती. मोबाईलने शहाणपणा करून सरळ अवतरणचिन्हांची बाकदार केली होती, पुस्तकात असतात तशी, छान वळणाची. डेटाबेसला सरळच लागतात. दोन टिंबांएवढ्या खुणा पुसून हाताने परत टाईप केल्या आणि गडी उठून बसला. टेम्पो गेले. शुद्धलेखनवाल्या साहेबांची त्या दिवशी फार आठवण झाली.

पुढची अडचण पायथनची. ही जोड पायथन नावाच्या भाषेतली अवजारं वापरते. ती मी बसवली होती, मी स्वतः चालवून बघितलं तर चालत होती, आणि डेटाबेसने चालवलं की 'अवजार सापडत नाही'. कारण मी ती माझ्या नावाच्या खात्यात बसवली होती, आणि डेटाबेस चालतो त्याच्या वेगळ्या खात्यातून. माझ्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे नव्हती. सामाईक जागी बसवली. मग मराठी समजणारं तयार मॉडेल, म्हणजे यंत्राचा आयता मेंदू, इंटरनेटवरून उतरवायचं तर कारखान्याची सुरक्षा भिंत ते आत येऊ देईना. भिंगारला घरी उतरवून घेतलं आणि पेनड्राइव्हवर पदरात बांधून आणावं तसं आणलं. शेवटी मेमरी. डेटाबेसशी जोडलेला प्रत्येक जण ते अगडबंब मॉडेल स्वतःपुरतं वेगळं उघडत होता. चार टेबलांवरून चार जण आत आले की सर्व्हरची मेमरी संपे आणि तो डेटाबेसचाच गळा दाबून मोकळा होई. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. सगळ्यांसाठी मिळून एकालाच ते काम नेमून दिलं आणि बाकीच्यांनी चिठ्ठी ठेवून जायचं असं लावलं. तेव्हा कुठे जोड शांत बसली.

मग जुन्या सगळ्या तक्रारी तिला दाखवल्या आणि नवीन मेसेज टाकून परीक्षा घेतली. भराभर बरोबर उत्तरं. वाइंडिंग, बेअरिंग, केबल, एक फेज गेला. शेठनी पेढे वाटले. मी म्हटलं, पेढे खाते, पण नव्या माणसाला आपण प्रोबेशन देतो तसं यालाही देऊ. रोज सकाळी आल्या आल्या त्याची सगळी उत्तरं मी डोळ्यांखालून घालणार. घुले साहेब म्हणाले, मग यंत्राचा उपयोग काय? मी म्हटलं, तुम्हालाही सहा महिने प्रोबेशन होतंच.

असंच एका सकाळी वाचत होते. पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवरचा मेसेज: 'स्टार्टरला मुंग्या येत्यात. मानूस पाठवा.' पाठवणारी सिंधूबाई. यंत्राचं उत्तर: कीटक, साफसफाई. निकड कमी. खात्री शंभरात अठ्ठ्याण्णव. आणि त्याने बाईंना लगेच कळवूनही टाकलं होतं: 'मुख्य स्विच बंद करून पेटी उघडावी, कोरड्या ब्रशने साफ करावी व डांबरगोळी ठेवावी.'

मी मेसेज पुन्हा वाचला. मुंग्या पेटीत म्हणालीय का हाताला, हे त्या मेसेजात कुठेच नव्हतं. आणि यंत्राने तिला पेटी उघडून आत हात घालायला सांगितलं होतं.

त्या आठवड्यात तिकडे शेतीची लाईट दिवसा होती. दुपारच्या आत कधीही येणार. मी फोन लावला. वाजून वाजून बंद. आमचे पारनेरचे दत्तू मेस्त्री, त्यांना लावला. ते दुसऱ्या टोकाच्या गावात मोटार बाहेर काढत होते. "निघतो ताई, पर मला यायला येळ लागंल. तुमी तवर लावत ऱ्हा." पुन्हा सिंधूबाईंना लावला, लावत राहिले. शेवटी उचलला. आवाज म्हातारीचा.

"कोन हाय?"

"आजी, मी मोटारीच्या कंपनीतून बोलतेय. सिंधूबाई कुठे आहेत?"

"सून व्हय? इहिरीवर गेली."

"आजी, त्यांना सांगा, पेटीला हात लावू नका. मुंग्यांचं..."

"मुंग्या? लई झाल्यात बाई औंदा. साखरंत बी शिरल्यात."

"साखरेतल्या नाही आजी, स्टार्टरच्या!"

"त्येच की. बरश घिऊन गेलीय. तुमीच सांगितलं न्हवं का?"

मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. "आजी, हाक मारा त्यांना. आत्ता."

"हितून कुटं जाती हाक? लांब हाय इहीर."

काय करावं सुचेना. मग आमच्या आत्याच्या वस्तीवरची गोष्ट आठवली. घरात जनावर निघालं की थाळी बडवायची. थाळी ऐकली की शेतातला माणूस हातातलं टाकून पळत येतो.

"आजी, घरात साप निघालाय असं समजा. थाळी वाजवा. जोरात वाजवा. फोन खाली ठेवा, पण बंद करू नका."

म्हातारी नुसतं "बरं" म्हणाली. तिने का, कशाला विचारलं नाही, याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे. पितळी थाळीचा आवाज सुरू झाला. घुले साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनाही ऐकू जात होतं. थाळी थांबली. परत सुरू झाली. मग कुत्रं भुंकलं आणि धापा टाकणारा एक आवाज आला.

"कुटंय? आत्याबाई, कुटंय साप?" आणि मग फोनवर, "कोन बोलतंय?"

"सिंधूबाई, कंपनीतून बोलतेय. मुंग्या हाताला येतात की पेटीत?"

"हाताला ओ! पेटीत कशाला येतील? पेटीत म्या डांबरगोळ्या ठिवल्यात की."

"मग ब्रश घेऊन कशाला गेलात?"

"तुमीच म्हनले, साफ करा. म्हनलं कंपनीला जास्त कळतंय."

"आणि मुख्य स्विच?"

"लाईटच न्हवती, तर बंद काय करायचं? नुसतं झाकन काडलं आन थाळी वाजली." ती बोलता बोलता थांबली. "आली बगा लाईट. पाटात पानी पडलं."

लाईट आली की मोटार आपोआप चालू होण्याची सोय त्यांच्याकडे होती. मी खाली बसले. घुले साहेबांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला, माझ्यापुढे ठेवला आणि निघून गेले. दत्तू मेस्त्री दुपारी पोचले. केबल पेटीच्या भोकात घासून सोलली गेली होती आणि आर्थिंगची तार कुणीतरी म्हशीच्या दाव्याला वापरली होती. पेटी सबंध करंटात होती.

संध्याकाळी बैठक. घुले साहेब म्हणाले, "उद्यापासून ते काढून टाका. परत फोनवर."

शेठ म्हणाले, "एका चुकीवर एवढं? बाकीची उत्तरं बरोबरच आहेत की."

मला दोघांचाही राग आला. "काढायचं नाही, आणि आहे तसंही ठेवायचं नाही. उन्हाळ्यात आपला फोन लागत नाही म्हणून लोक मेसेज करतात. यंत्र काढलं तर करंटवाली बाई बटणवाल्यांच्या मागे रांगेत. ते उत्तर पाठवणं मी मघाशीच बंद केलंय. बाकीचं दुरुस्त करते."

"बंद केलंत? विचारलं नाहीत मला?" शेठ.

"नाही विचारलं," मी म्हटलं.

मग मी तेच केलं जे टेम्पो उभे असताना केलं होतं. का बिघडलं ते बघितलं. डेटाबेसला म्हटलं, 'मुंग्या' हा शब्द जिथे जिथे असेल ते काढ. हाताला आलेल्या मुंग्या एकही नव्हत्या. आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असणार कुठून? गिऱ्हाईक 'मुंग्या' म्हणायचं, मी 'हाताला की पेटीत' विचारायची आणि लिहायची 'बॉडीस करंट उतरतो'. शुद्ध. माझ्यानंतरच्यांनीही तेच केलं. पेटीतल्यांचं मात्र नंतरच्या काहींनी 'मुंग्या' असं सरळ लिहिलं होतं, कारण तो शब्द शुद्धच आहे. एवढ्या वर्षांत आम्ही उत्तर जपून ठेवलं होतं, आणि प्रश्न फोनवर हवेत विरून गेला होता. यंत्राचा काय दोष? त्याला आम्ही नगरकडच्या माणसाचं बोलणं कधी ऐकवलंच नव्हतं.

मी पारनेरच्या बाजाराच्या दिवशी दत्तू मेस्त्रींच्या दुकानाबाहेर बाकावर जाऊन बसले. येईल त्याला विचारायचं, पेटीला करंट आला तर तुम्ही काय म्हणता? "चावती." "चाटून जाती." "झिनझिन करतंय." "मुंग्या येत्यात." एक जण म्हणाला, "काय म्हननार? आई गं म्हनतो." आणि एक बाई म्हणाली, "आमी काय बी म्हनत न्हाई. चप्पल घालून जातो." हे ऐकून आधी हसू आलं. किती चपलांवर किती संसार उभे असतील, कुणास ठाऊक. तो शुद्ध भाषेचा नियम मी त्याच दिवशी मनातून खोडला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून.

ही सगळी बोली यंत्राला शिकवली. 'चावती' आलं की ते बरोबर करंट ओळखायला लागलं. मग धाकधुकीने सिंधूबाईंचं वाक्य परत टाकलं. या वेळी त्याने अंदाज अर्धा-अर्धा दिला. अर्धा कीटक, अर्धा करंट. घुले साहेब म्हणाले, "म्हणजे अजून कळत नाहीच त्याला." मी म्हटलं, "साहेब, ते वाक्य मला तरी कुठे कळतं? मी विचारायची." त्या अर्ध्या-अर्ध्यावर खरं तर मला पेढे वाटावेसे वाटत होते. यंत्र पहिल्यांदा अडखळलं होतं.

तिथेच मी फाटक बसवलं. करंटाची थोडीशी जरी शंका दिसली तर अंदाज करायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. आधी कळवायचं, 'पेटीला हात लावू नका'. मग विचारायचं, 'मुंग्या हाताला की पेटीत?' आणि उत्तर येईपर्यंत ती तक्रार सगळ्यांच्या वर, लाल रंगात, आणि मेस्त्रीच्या फोनवर. घुले साहेबांनी स्वतः निरनिराळे मेसेज पाठवून त्याला फसवायचा प्रयत्न केला. ते फसेना, तेव्हा म्हणाले, "राहू द्या."

आधीच्या वर्षांत असे किती मेसेज आले असतील, किती जणांनी मुंग्या म्हणून सोडून दिलं असेल, ते मला कधीच कळणार नाही. पिशवीत स्टार्टर घेऊन आलेला तो माणूस अजून डोळ्यांपुढे येतो.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी टेबलावर हार, नारळ, शाल असा सगळा पसारा. भाषणं व्हायची होती. मी सवयीने स्क्रीनकडे बघितलं तर वर लाल ओळ. पारनेर. सिंधूबाई. 'स्टार्टरला मुंग्या आल्यात.' यंत्राने त्याचं काम केलं होतं: 'पेटीला हात लावू नका. मुंग्या हाताला की पेटीत?'

हार बाजूला सारून मी फोन उचलला, तेवढ्यात त्यांचं उत्तर पडलं.

'पेटीत. हाताला न्हाई. लई दिसांत गोळ्या टाकल्या न्हाईत. थाळी वाजवू नका, आत्याबाई झोपल्यात.'